हवेची जागा

पहिल्या वर्षी चूल बांधली ती आडवी,
डिझेलचं पिंप उभं चिरून,
वर स्टीलची काहील, अडीच फूट बाय चार,
मागे पत्र्याचं धुराडं, माझ्या डोक्याएवढं.
बिभीषणभाऊजींनी पिंपावर खडूनं लिहिलं:
काकवी, कामती बुद्रुक.
आणि धूर धुराडं सोडून
माझ्या पदरात आला.

बाभळीचे ओंडके, वाळली चिपाडं,
जेवढं कोंबावं तेवढं काळं.
रस नुसता कोमट, मळी धड वर येईना,
भेंडीचं पाणी वाया.
सकाळी आठला पेटवलेलं,
दिवेलागणीला दाटसर काहीतरी.
दुकानदारानं बोट चाटलं, म्हणाला,
वहिनी, ही काकवी नव्हे, काढा.

जाळ कमी पडतोय, भाऊजी म्हणाले, अजून घाला.
सगळ्यांचं तेच.
उपाशी दिसला की घास.
मीही तेच करत आले,
जावयापासून जनावरापर्यंत.

मग नरसय्या गड्डम आले,
सोलापुरात गिरणीच्या बॉयलरवर एकतीस वर्षं.
गिरणी गेली, भोंगा गेला,
जाग मात्र अजून भोंग्यालाच येते म्हणाले.
एसटीनं उतरले, खिशात उदबत्तीचा पुडा.
मला वाटलं, आता पूजा.

त्यांनी उदबत्ती फिरवली
पिंपाच्या सांध्यांवरून, काहिलीच्या कडेनं,
दाराच्या बिजागरीपाशी.
जिथं धुराची रेघ आत वळली
तिथं खडूची फुली.
अकरा फुल्या.
"बघा बाई, हवा चोरवाटेनं येऊ लालीय.
वरच्या वर शिरते, जाळाला न भेटता
धुराड्यातून जाते निघून.
जाळ खाली गुदमरालाय."

मी पदरानं डोळे पुसले.
धुराचंच होतं. चूल तर पेटलेलीच नव्हती.

जोडभावी पेठेतल्या भंगारातून सळया आणल्या,
कोण जाणे कुठल्या कारखान्याच्या.
एकीवर तेलुगूत काहीतरी कोरलेलं;
नरसय्यांनी वाचलं, सांगितलं नाही.
सळयांमध्ये करंगळी जाईल एवढी फट,
खाली राखेला वीतभर पोकळी
आणि तिला वेगळं दार. वरचं दार
लाकूड घातलं की लगेच बंद.
पाठीमागे विटांचा चढ,
म्हणजे ज्वाळा पळणार नाही,
काहिलीच्या बुडाला अंग घासत जाईल.
राख, पांढरी माती, गुळाचं पाणी,
अकराही फुल्या मी माझ्या हातानं लिंपल्या.
धुराड्यावर एक पत्रा चढला, मग आणखी एक,
शेवग्याच्याही वर.

"मनगटापेक्षा जाड लाकूड नको.
आणि भरायचं अर्धंच."
"उरलेली जागा रिकामी?"
"रिकामी कशी? हवेची."

पेटवलं. आधी काहीच नाही.
मग राखेच्या दारातून आत गेला एक श्वास,
रडून झाल्यावर पोर ओढतं तसा लांब.
धुराड्याच्या टोकाला धूर नव्हता,
नुसतं थरथरणारं आभाळ.
काहील एका अंगानं उसळत आली,
मळी जाड, शेवाळी, दोन झाऱ्यांत निघाली.
सुकेशनीनं मोबाइलवर वेळ लावलेली:
दोन तास पन्नास मिनिटं.
बोटांत तार ओढली, तुटली,
पुन्हा ओढली.

डावा कोपरा अजून आळशी आहे.
नरसय्या वाकून बघत राहिले,
म्हणाले, तिथली एक वीट चुकली माझी,
पुढच्या खेपेला.
काकवीची बाटली मांडीवर धरून
पाचच्या गाडीनं गेले.

सकाळी राख काढायला बसले,
खालचं दार उघडलं.
विस्तव केव्हाच विझलेला,
तरी बोटांना चाटून
हवा आत चालली होती,
सावकाश,
कुणी न बोलावता.